अर्ध्या तासात बसणारं शिवण-विणकाम

प्रश्न थोडक्यात असा: नोकरी, जाऊन-येऊन दोन तासांचा प्रवास, शाळेत जाणारी दोन मुलं. घरात शिवणयंत्र आहे, पण त्यावरचं कव्हर महिनोन्‌महिने निघत नाही. सहा महिन्यांपूर्वी कापलेला कुर्ता पिशवीत तसाच आहे आणि एका बाळासाठी घेतलेला स्वेटर पाठीच्या निम्म्यावर थांबला आहे. शिवायला आणि विणायला वेळ काढायचा कसा?

आधी एक हिशेब मांडू. अस्तर नसलेल्या साध्या कुर्त्यात खांदे, दोन्ही बाजू, बाह्या, मुंढे (बाही जोडायच्या गोल कडा), गळ्याची पट्टी, बाजूचे कट आणि खालचा घेर धरून साधारण साडेसात मीटर शिलाई येते. टाका अडीच मिलिमीटरचा ठेवला तर ते तीन हजार टाके होतात. घरगुती यंत्र बेताच्या वेगाने मिनिटाला तीनशे टाके सहज घालतं. म्हणजे पूर्ण कुर्त्यात यंत्र प्रत्यक्ष चालतं ते दहा-बारा मिनिटं. बाकीचे चार-पाच तास मापं घेणं, कापणं, टाचणं, उलटवणं, इस्त्री, हातशिलाई आणि शोधाशोध यात जातात. मोकळ्या रविवारी यंत्रावर बसायचं असं ठरवलं, तरी त्या रविवारचा पहिला तास जुळता दोरा, बॉबिन, कात्री आणि ‘आपण कुठवर आलो होतो’ हे शोधण्यात संपतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की रविवारची वाट बघू नका. कामाचे असे तुकडे पाडा की प्रत्येक तुकडा वीस-तीस मिनिटांत पुरा होईल आणि थांबल्यावर बिघडणार नाही. कुठला तुकडा तोडता येतो आणि कुठला येत नाही, हे कळणं यात सगळ्यात महत्त्वाचं आहे.

जो अजिबात तोडू नये तो म्हणजे कापडावरची कापणी. कापड दुमडून, उभा धागा काठाला समांतर लावून, कागद ठेवून, खडूने आखून कात्री फिरेपर्यंत सलग चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. मध्येच उठलात आणि कापड गोळा करून ठेवलं, तर पुन्हा पसरताना दोन थर एकमेकांवर सरकतात. मग पुढचा भाग सरळ आणि मागचा किंचित तिरका कापला जातो. हे कापताना दिसत नाही. दोन धुण्यांनंतर कुर्ता एका बाजूला पीळ घेतो तेव्हा कळतं, आणि त्यावर उपाय नाही. दुसरी अडचण मायेची, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडाची. शिलाईला अर्धा इंच माया सोडली होती की पाऊण, हे आठवड्याने आठवत नाही. खांद्याला एक आणि बाजूला दुसरी माया धरून शिवलं की मुंढा आणि बाही जुळत नाहीत. तेव्हा महिन्यातून एकदा, घरात कोणी हाक मारणार नाही अशी एक वेळ फक्त कापणीला द्या, आणि त्या एका बैठकीत दोन-तीन कपडे कापून घ्या. कापड पसरायची जागा आणि इस्त्री एकदाच मांडावी लागते.

त्या बैठकीआधीची तयारी मात्र रोजच्या कामात मिसळून जाते. सुती कापड आणलं त्याच रात्री बादलीत भिजत घाला आणि सकाळच्या धुण्याबरोबर वाळत टाका. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न भिजवता शिवलेला कुर्ता म्हणूनच एका धुण्यात आखूड होतो. अस्तर आणि साडीचा फॉल यांनाही हाच नियम आहे. न भिजवलेला फॉल लावला की तो आटतो आणि साडीच्या काठाला सुरकुत्या पडतात. मापं आणि कागदी कटिंग एकदा नीट करून ठेवा, दर वेळी नव्याने काढू नका. कागदावर नाव, तारीख, छाती-कंबर-उंची आणि ‘माया धरलेली’ किंवा ‘माया सोडून’ हे शब्द ठळक लिहा. मुलांची मापं दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात.

कापून झालं की उठण्यापूर्वी खाचा मारून घ्या. बाहीच्या आणि मुंढ्याच्या पुढच्या बाजूला एक खाच, मागच्या बाजूला दोन. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल असतो, म्हणून बाहीचा गोलवाही दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आठ दिवसांनी पिशवी उघडल्यावर खाचा नसतील तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवल्या जातात. तुकड्यातुकड्यांत काम करणाऱ्यांची ही सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि तिच्या उसवणीत दोन बैठका वाया जातात.

कडांना इंटरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून कडेवर घातलेली दोऱ्याची वीण) करून हवं असेल तर पिको-फॉलच्या दुकानात ते काम याच टप्प्यावर द्या. सगळे तुकडे सुटे, सपाट असतात आणि एका खेपेत होतं. दुकानदाराला मात्र बजावून सांगा की कड कापू नका, फक्त दोरा मारा. इंटरलॉकच्या यंत्राला सुरी असते. अर्ध्या इंचाच्या मायेतलं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जरी गेला, तरी दोन्ही बाजूंच्या चारही कडा मिळून कपडा अर्धा इंच घट्ट होतो. गळा आणि मुंढ्याच्या कडांना इंटरलॉक करून घेऊ नका. त्या उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरक्या असतात, आणि यंत्राच्या दातांखाली ओढल्या गेल्या की लाटा येतात.

आता पिशवी. प्रत्येक कपड्याला एक वेगळी चेनची पारदर्शक पिशवी ठेवा. तिच्यात सगळे तुकडे, दोऱ्याचं रीळ, त्याच दोऱ्याचं भरलेलं बॉबिन, चेन-हुक-बटणं, लागणारी सुई आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त पुढचं एक काम लिहायचं: ‘डावा खांदा झाला, उजवा टाचून ठेवलाय, माया अर्धा इंच’. काम थांबवताना पुढची शिवण टाचूनच उठायचं. दुसऱ्या दिवशी यंत्राजवळ बसल्यावर पहिल्या मिनिटाला टीप सुरू होते, आणि पंधरा मिनिटांची बैठक खरोखर पंधरा मिनिटांची होते. ही एक सवय जेवढा वेळ वाचवते तेवढा कुठलंही महागडं यंत्र वाचवत नाही. टाचण्या डबीत मोजून वीसच ठेवा. घाईत उठताना वीस मोजल्या की लहान मुलांच्या घरात जमिनीवर एकही राहत नाही.

साध्या कुर्त्याच्या बैठका मी अशा पाडेन. पहिली: दोन्ही खांदे शिवणं आणि गळ्याच्या पट्टीला पेस्टिंग (ताठपणा देणारं, इस्त्रीने चिकटणारं कापड) चिकटवणं. त्यासाठी इस्त्री लागतेच, म्हणून गणवेशाला इस्त्री चालू असेल तेव्हाच हे उरकायचं आणि खांद्याची शिवणही दाबून घ्यायची. दुसरी: गळा. पट्टी टाचा, टीप मारा, गोलाईवर दर अर्ध्या इंचाला टिपेच्या एक सूत अलीकडेपर्यंत कात्रीने खाचा द्या, उलटवा, दाबा. याला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि हेही मध्येच सोडू नये. खाचा देऊन न उलटवलेला गळा पिशवीत राहिला तर त्याचे धागे सुटत जातात. तिसरी: दोन्ही बाह्या मुंढ्यांना, एकाच बैठकीत. एक आज आणि एक चार दिवसांनी लावली तर हाताची ओढ बदलते आणि एका खांद्यावर चुणी दिसते. चौथी: दोन्ही बाजू, बाहीच्या टोकापासून कटापर्यंत. पाचवी: कट. सहावी: घेर आणि बाहीची दुमड. घेराला हातशिलाई करणार असाल तर ती यंत्रापाशी करू नका, टीव्हीपुढे करा. म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाच्या सहा बैठका. आठवड्यातून तीन जमल्या तर कुर्ता पंधरा दिवसांत अंगावर येतो.

इस्त्रीसाठी दर वेळी उठायची गरज नाही, पण एक नियम पाळा. जी शिवण पुढच्या शिवणीला आडवी जाणार आहे, ती आधी दाबलेली हवी. खांदा न दाबता गळा लावला तर तिथे कायमची गाठ राहते. बाकीच्या शिवणी तीन-चार साठवून एकदम दाबल्या तरी चालतात.

यंत्र कुठे ठेवता यावरही बरंच अवलंबून आहे. ते कायम मांडलेलं राहू शकत असेल तर रोज पंधरा मिनिटं जमतात. कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर मांडावं लागत असेल, तर मांडण्या-आवरण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात. मग रोजचा हट्ट सोडा. आठवड्यातून दोनदा पाऊण तास ठरवा आणि मधल्या दिवसांत हातकाम करा. रात्री दहानंतर फ्लॅटमध्ये यंत्राची घरघर खालच्या मजल्यावर जाते. यंत्राच्या पायांखाली रबरी चटई किंवा घडी घातलेलं जाड टॉवेल घातलं की आवाज बराच कमी होतो, तरी ती वेळ हातकामालाच बरी. काळ्या, गडद निळ्या कापडावरचं काम दिवसाउजेडीच करा. रात्रीच्या दिव्याखाली टाका दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी उसवावं लागतं.

महिन्यातून एकदा पाच-सहा बॉबिन एकदम भरून ठेवा: पांढरा, काळा, लाल, गडद निळा, राखाडी. फिक्या रंगाच्या किरकोळ दुरुस्तीला राखाडी बहुतेक ठिकाणी खपतो. सुती कुर्त्याला १४ नंबरची सुई, मलमल किंवा व्हॉइलसारख्या पातळ कापडाला ११, जीन्सला १६ किंवा १८. साधारण आठ तास टीप मारून झाली की सुई बदला. बोथट सुईचा कापडावर टकटक आवाज येतो, टाके सुटतात, आणि माणूस तासभर दोऱ्याचा ताण फिरवत बसतो. टाका बिघडला तर ताणाच्या स्क्रूला हात लावण्याआधी वरचा दोरा पूर्ण काढून, फूट वर उचलून, पुन्हा ओवून बघा. घाईत ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. त्यानंतर सुई बदला, मग बॉबिनच्या पेटीतला कचरा साफ करा. स्क्रू सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात यंत्र महिनाभर बंद राहणार असेल तर तेलाचे थेंब घालून, दोन मिनिटं बिनदोऱ्याचं चालवून, फुटाखाली सुती चिंधी ठेवा. ती तेलही टिपते आणि पुढच्या वेळी पहिल्या टाक्याला कापडावर डाग पडत नाही.

हातशिलाईचं मोजमाप मिनिटांत करू नका, दोऱ्यात करा. सुईत हातभर, म्हणजे पन्नास सेंटिमीटरच्या आसपास दोरा घ्या. जास्त लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात आणि वेळ वाचण्याऐवजी जातो. एवढ्या दोऱ्यात साधा धावदोरा साधारण चाळीस सेंटिमीटर जातो आणि आठ-दहा मिनिटं लागतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक दोरा संपतो. गोधडी या कामाला सर्वांत योग्य, कारण तिला ना यंत्र लागतं ना नमुना, आणि कुठेही थांबलं तरी काही बिघडत नाही. बाळाची नव्वद बाय पंचाहत्तर सेंटिमीटरची गोधडी, दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर सदतीस-अडतीस ओळी होतात, म्हणजे सुमारे चौतीस मीटर धावदोरा. हातभर दोऱ्याचे पंच्याऐंशी दोरे. रोज दोन घातले तर सहा आठवडे. घरात पाहुणा येणार असल्याची बातमी कळल्यावर सुरू केली तरी वेळेआधी तयार होते. फक्त थर पसरून कच्च्या धावदोऱ्याने जोडायचं पहिलं काम जमिनीवर, सलग तासभर आणि शक्यतो दोघींनी मिळून करायचं. हा कच्चा दोरा दर वीतभर अंतरावर घाला. तो विरळ घातला तर मधला थर सरकून एका कडेला गोळा होतो.

दुरुस्तीचे कपडे साठले की त्यांच्या दडपणानेच नवीन काम सुरू होत नाही. त्यांची रंगावर वाटणी करा: पांढरे एका गठ्ठ्यात, गडद दुसऱ्यात. एकदा दोरा ओवला की त्या रंगाचं सगळं संपवायचं. ब्लाउजचे पाच हुक लावायला वीस मिनिटं पुरतात.

विणकाम प्रवासात जमतं, पण बसायला जागा मिळत असेल तरच. उभ्याने, गर्दीत सुया बाहेर काढू नयेत. लांब सरळ सुयांची टोकं शेजारच्या बाईच्या कोपराला लागतात. मध्ये लवचिक तार असलेली गोल सुई घ्या आणि तीवर सपाट तुकडाच पुढे-मागे विणा. कामाचा भार तारेवर राहतो, मनगटावर येत नाही, आणि स्टेशन आलं की सगळे टाके तारेवर ढकलून पिशवीत टाकता येतात. क्रोशाला त्याच आकाराला लोकर जास्त लागते, तरी धक्क्याच्या प्रवासाला तो अधिक सोयीचा. सुटा असा एकच फास असतो आणि त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम पक्कं राहतं.

स्वेटरचा हिशेब आधीच केला तर तो अर्ध्यावर राहत नाही. वर्षाच्या बाळाला मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या सुया धरू. दहा सेंटिमीटरला बावीस टाके आणि अठ्ठावीस ओळी येत असतील, तर पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि अठ्ठावीस सेंटिमीटर उंच पाठीला पंचावन्न टाके आणि अठ्ठ्याहत्तर ओळी लागतात, म्हणजे सुमारे ४३०० टाके. पुढचे दोन भाग मिळून तेवढेच, दोन्ही बाह्यांचे आणखी ४४००. एकूण तेरा हजार. सवयीचा हात मिनिटाला वीस टाके घालतो. रोज वीस मिनिटं म्हणजे चारशे टाके, पाठीच्या सात ओळी. तेहतीस दिवसांत तुकडे होतात. गळपट्टी, बटणपट्टी आणि जोडणी यांना तीन-चार तास वेगळे, तेही घरात, टेबलावर. डिसेंबरच्या थंडीसाठी दसऱ्याला सुया हातात घ्याव्यात, दिवाळीनंतर नव्हे. नवीन हाताचा वेग बारा-तेरा टाक्यांचा असतो, त्यांनी गणपती उठल्यावर. बाळाचा स्वेटर नेहमी एक माप मोठा विणा, कारण तुमचे सहा आठवडे संपेपर्यंत तेही वाढलेलं असतं.

प्रवासात आणि गप्पांत सगळ्या ओळी सुलट किंवा एक ओळ सुलट एक उलट एवढंच ठेवा. जाळीचं काम, मुंढ्याचे टाके घटवणं, गळ्याला टाके उचलणं शांत वेळेला. जाळीत एक टाका चुकला तर चार ओळींनंतर कळतं. म्हणून जाळीचा प्रत्येक नमुना पूर्ण झाला की त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा शिवणदोरा ओवून ठेवा. चूक झाली तर तिथवरच उसवतं, खाली जात नाही. ओळ मध्येच सोडू नका. सोडावीच लागली तर एवढं लक्षात ठेवा, की गुंड्याकडून येणारी लोकर ज्या सुईवर लटकते ती उजव्या हातात धरायची. उलट धरली की तिथे दोन ओळी आखूड पडून तुकडा एका बाजूने उतरता होतो. ओळींचा हिशेब कागदावर रेघांनी मारा, डोक्यात ठेवू नका. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी, शेजारीशेजारी विणा. ओळ दुप्पट लांब होते, पण बाह्या बरोबर एका उंचीच्या होतात आणि दुसरी बाही राहून जाण्याचा प्रश्नच उरत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर थांबा. दुखऱ्या हाताने विणलेले टाके घट्ट येतात आणि तो पट्टा स्वेटरवर वेगळा दिसतो.

एका वेळी तीनच कामं चालू ठेवा: एक यंत्रावरचं, एक घरातलं हातकाम, एक प्रवासातलं. चौथं सुरू करायचं तर आधी यातलं एक संपवायचं. दहा दिवसांवर आलेल्या लग्नासाठी अस्तराचा रेशमी ब्लाउज घरी शिवायला घेऊ नका, तो शिंप्याकडे द्या. घाईत रेशमावर घातलेली टीप उसवली तरी सुईची भोकं राहतात.

आता तुमच्या दोन पिशव्या. कुर्त्याचे तुकडे मूळ कागदावर ठेवून माया किती आहे ते मोजा आणि पहिली चिठ्ठी आजच लिहा. मुलाचा असेल तर त्याचं माप पुन्हा घ्या. उंची कमी पडत असेल तर खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडता येते, छाती कमी पडत असेल तर बाजूला उभी पट्टी. स्वेटरच्या बाबतीत, जिथे सुई सहा महिने अडकून राहिली ती ओळ ताणलेली असते आणि पुढे विणली तर आडवी रेघ दिसत राहते. तीन ओळी उसवा, टाके बारीक सुईवर उचला, मोजा, आणि मूळ सुईने पुढे सुरू करा. सहा-सात ओळी झाल्यावर टेप लावून बघा. दहा सेंटिमीटरला टाके जास्त येत असतील तर हात घट्ट झाला आहे, एक नंबर जाड सुई घ्या. ८ नंबरवरून जाड म्हणजे ७ नंबर, कारण या जुन्या क्रमात आकडा घटतो तशी सुई जाड होते. बाळ आता मोठं झालं असेल, तर तीच पाठ खालून टाके उचलून लांब करता येते, पण रुंदी वाढवता येत नाही. तेव्हा आधी बाळाची छाती मोजा. लोकर कमी पडली आणि त्याच लॉट नंबरची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली मिळत नसेल, तर जुना आणि नवा गुंडा दोन-दोन ओळींनी आलटून-पालटून विणत जा. दोन छटांची सीमारेषा दिसत नाही.